मास्तरचा फाटका कान

कल्पितानं घरामागच्या वाडीत पाहुण्यांसाठी दोन नव्या खोल्या बांधल्या आणि त्यांच्या भिंतींवर काय लावायचं असा प्रश्न आला, तेव्हा तिच्या सासऱ्याचं, म्हणजे चांगदेव घरताचं मत कुणी विचारलं नव्हतं. तसं ते बऱ्याच बाबतींत विचारलं जात नसे आणि त्याची त्याला खंतही नव्हती. नागावात होमस्टे चालवायचा म्हणजे नारळ, झोपाळा आणि वायफाय एवढं असलं की झालं, अशी त्याची समजूत.

"बाबा, पाहुण्यांना आता जुनं लागतं," कल्पिता म्हणाली.

"मग मला बसव तिकडे."

"तुम्ही आहातच. पण तुम्हाला खिळा मारता येत नाही."

तर तिनं असं ठरवलं होतं की एका खोलीचं नाव 'मैफल' आणि दुसरीचं 'शर्यत', आणि दोन्हींत बाबांचे जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो. त्यासाठी तिनं स्कॅनर मागवला होता. पोळपाटाएवढं ते यंत्र टेबलावर आलं, तेव्हा चांगदेव त्याच्याभोवती दोनदा फिरून आला.

बाजारपेठेतला त्याचा 'केसर फोटो स्टुडिओ' बत्तीस वर्षं चालला. केसर हे आईचं नाव. पोटासाठी तो लग्नं, बारशी आणि अर्जाला चिकटवायचे फोटो काढायचा. पण जीव दोनच गोष्टींत: गाणी आणि गाड्या. गाणी म्हणजे गावोगावचे ऑर्केस्ट्रे, बँजो पार्ट्या, भजनाचे सामने. गाड्या म्हणजे ओहोटी लागली की पुळणीच्या ओल्या वाळूवर धावणाऱ्या बैलगाड्या. तेव्हा रोलमध्ये छत्तीस फोटो यायचे, आणि जपून गुंडाळला तर सदतिसावा निघायचा. सदतिसावा काढणारा माणूस हुशार समजला जाई. आता फोनवर एका वड्याचे चाळीस फोटो निघतात आणि वडा गार होतो.

हे सगळे रोल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत होते, डब्यांवर महिना आणि साल. पाच वर्षांपूर्वीच्या वादळात स्टुडिओचे पत्रे उडाले, काउंटर गेला, पाठीमागचा काश्मीरचा देखावा रंगवलेला पडदा शेजारच्यांच्या माडावर जाऊन बसला. डबे मात्र राहिले. त्यातला एक डबा तेवढा गेला असता तर चांगदेवानं वादळाला मनापासून हात जोडले असते. पण वादळाला तेवढी पारख नव्हती.

पहिले चार-पाच दिवस मजेत गेले. दुपारचं जेवण झालं की कल्पिता स्कॅनरपाशी बसायची आणि चांगदेव बाजूला खुर्ची घेऊन कोण, कुठलं, कधीचं ते सांगायचा. निगेटिव्ह कशी धरायची ते त्यानंच तिला शिकवलं. "एक बाजू चकचकीत, एक मंद. कडेला बारीक आकडे असतात, ते सरळ वाचता आले पाहिजेत. नाही आले तर पट्टी पालथी आहे, चित्र आरशातल्यासारखं उलटं येईल." कल्पिता बँकेतली नोकरी सोडून आलेली. एकदा सांगितलेलं ती पुन्हा विचारत नसे. हा गुण आपल्याला पुढे महागात पडणार आहे, हे चांगदेवाला तेव्हा सुचलं नाही.

पडद्यावर माणसं येत होती. गाणारी माणसं वरच्या सुरात गेली की दाढ उपटून घेत असल्यासारखी दिसतात, ते चाळीस वर्षांनीही तसंच होतं. तबलजींना हात नव्हते, नुसता धूर होता. प्रत्येक मैफलीच्या एका तरी फोटोत कडेनं कुणा पुढाऱ्याचा नारळ धरलेला हात आत आलेला होता.

"हे कोण?" कल्पितानं एका फोटोवर विचारलं. धावते बैल लख्ख, आणि त्यांच्यामागे उभा असलेला एक फेटा पार पुसटलेला.

"सरपंच."

"ते उभे असून हललेत आणि बैल धावत असून स्थिर?"

"सरपंचांनीही हेच विचारलं होतं. म्हटलं, बैल एकाच दिशेनं जात होते."

कल्पिता हसली, आणि चांगदेवाला वाटलं, हे बरं चाललंय. फक्त 'फेब्रुवारी ९१' हा डबा तेवढा मधे यायला नको. तो डबा त्यानं पहिल्याच दिवशी बाजूला काढून तांदळाच्या पिंपात तळाशी घातला होता. लपवायची जागा म्हणून ती चांगली होती. एवढंच, की भात रोज लागतो.

आता त्या डब्यात काय होतं ते सांगायला हवं.

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत गावात दोन दिवसांचा उत्सव झाला. आदल्या संध्याकाळी ऑर्केस्ट्रा, दुसऱ्या दिवशी ओहोटीला शर्यत. शेवटच्या फेरीला दोन गाड्या उरल्या. एक नागावच्या गोमा म्हात्र्याची, दुसरी शेजारच्या आक्षीच्या बाळाजी ठाकुराची. दोघंही आपली गाडी स्वतः हाकणारे, दोघांचेही बैल पांढरेशुभ्र. चिठ्ठ्या टाकून बाजू ठरल्या: बाळाजी समुद्राच्या अंगानं, गोमा सुरूच्या झाडांच्या अंगानं. चांगदेव शेवटच्या फितीमागे ओल्या वाळूत पालथा पडून होता, लांबच्या भिंगाला डोळा लावून. समोरून गाड्या येणार, डावीकडे समुद्र.

फीत म्हणजे लाल कापडाची पट्टी. तिचं एक टोक नागावच्या माणसानं धरलेलं, दुसरं आक्षीच्या. बैल आले, पाणी उडालं, फीत गेली. नागावचा माणूस म्हणाला, गोमाच्या बैलानं तोडली. आक्षीचा म्हणाला, बाळाजीच्या. दोघांनी देवाची शपथ घेतली, आणि देव दोघांचा एकच. पंच तासभर भांडले. मग त्यातल्या एकाला वाळूत पडलेला चांगदेव आठवला.

चांगदेव सायकलवरून स्टुडिओत गेला. रोल धुतला, पंख्याखाली अर्धवट सुकवला, सहा-सहा चित्रांच्या पट्ट्या कापल्या. शेवटची पट्टी एन्लार्जरमध्ये घातली, बैलांची तोंडं आणि फीत एवढाच तुकडा मोठा करून छापला आणि तो ओला फोटो परातीत घालून पुळणीवर आणला. फोटोत फीत उजवीकडच्या गाडीच्या बैलाच्या छातीवर ताणलेली होती. डावीकडची गाडी वीतभर मागे. पंचांनी परातीवर डोकी एकत्र आणली, काही पुटपुटले, चांगदेवाकडे एकदा पाहिलं, माना हलवल्या आणि बक्षिसाची ढाल गोमा म्हात्र्याला दिली. चांगदेवाच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. डावीकडे समुद्र, म्हणजे डावी गाडी बाळाजीची, उजवी गोमाची.

गुलाल उधळून झाल्यावर तो स्टुडिओत परतला. पट्टी एन्लार्जरमध्ये तशीच होती. तिच्यावर आदल्या संध्याकाळचे चार फोटोही होते आणि ऑर्केस्ट्रावाल्याला त्यातला एक हवा होता, म्हणून चांगदेवानं गाणाऱ्या कोकिळाबाईंचा छापायला घेतला. कागद द्रावणात बुडवला. चित्र हळूहळू वर आलं. कोकिळाबाईंचा पदर उजव्या खांद्यावर होता.

कोकिळाबाई गुजराती नव्हत्या. त्यांचं घड्याळही उजव्या हातावर गेलं होतं, बँजोवाला डावखुरा झाला होता आणि मागच्या फलकावरची अक्षरं आरशात दिसावीत तशी उभी होती. घाईत पट्टी पालथी घातली गेली होती.

म्हणजे शर्यतीचा फोटोही उलटा. म्हणजे फोटोत उजवीकडे दिसली ती गाडी खरी डावीकडची. समुद्राकडची. बाळाजीची. जिंकला बाळाजी आणि ढाल गेली गोमाच्या घरी, आणि हे सबंध किनाऱ्यावर एकट्या चांगदेवाला ठाऊक होतं.

उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. उद्या गेला तर गोमाच्या अंगणात बकरा शिजत होता आणि अर्धं गाव पंगतीला बसलं होतं. शिजलेल्या बकऱ्यासमोर असली गोष्ट काढायची नसते. मग आठवड्याभरात बातमी आली की बाळाजीनं बैल विकले. पुन्हा त्यानं गाडी शर्यतीत उतरवली नाही. त्यानंतर सांगायचं म्हणजे नुसता फोटो उलटा झाला एवढंच सांगून भागलं नसतं.

चांगदेवानं पट्टी कागदात गुंडाळून डब्यात टाकली आणि आपल्या परीनं प्रायश्चित्त सुरू केलं. बाळाजीच्या घरी कार्य निघालं की हा न बोलावता कॅमेरा घेऊन हजर. तीन मुलींची लग्नं, पाच नातवंडांची बारशी, एक सत्यनारायण आणि एका नव्या ट्रकची पूजा, सगळं फुकट. गोमाच्या घराची मात्र त्यानं पायरी चढली नाही. गोमा वारला तेव्हाही अंगणातूनच हात जोडून परतला. आणि कुठं चहाच्या टपरीवर त्या शर्यतीचा विषय निघाला की त्याला एकदम दुकानात गिऱ्हाईक आल्याचं आठवायचं. चौतीस वर्षं त्यानं त्या शर्यतीबद्दल एक अक्षर ऐकून घेतलं नव्हतं.

आणि आता तांदळाचं पिंप.

त्या दिवशी तो बाजारातून नारळ सोलायची कोयती धार लावून घेऊन आला, तर कल्पिता टेबलाशी बसलेली आणि तिच्या कोपराशी तो डबा. डब्याला अजून तांदळाचे दाणे चिकटलेले होते.

"बाबा, हा पिंपात होता."

"ओल लागू नये म्हणून," चांगदेव म्हणाला. उत्तर वाईट नव्हतं. "त्यात काही नाही. धुतानाच बिघडलेला रोल."

"छे, सगळ्यात भारी हाच आहे. शर्यतीचा एक असला जबरदस्त आलाय. फीत, बैल, गाडीवान, सगळं. आकडे बघून सरळ लावलाय, तुम्ही शिकवलंत तसा." ती फोनवर काहीतरी पाहत होती. "गावाच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. अर्ध्या तासात दीडशे अंगठे आले."

चांगदेव खाली बसला. कोयती मांडीवर राहिली.

चौतीस वर्षं डब्यात दडवलेली गोष्ट सरळ बाजूनं, ठळक करून, गावाच्या हातात गेली होती, आणि तीही त्यानंच शिकवलेल्या पद्धतीनं. कल्पितानं फोन त्याच्यापुढे धरला. त्यानं मान फिरवली.

"चष्मा नाही."

"डोळ्यांवर आहे की."

"तो लांबचा."

तेवढ्यात फोन वाजला. बाळाजी ठाकुराचा नातू अल्पेश, त्याचा निरोप होता. कल्पितानं मोठ्यानं वाचला: "'आजोबांनी फोटो बघितला. फोटोवाल्या काकांना म्हणाव, चार वाजता गोमा म्हात्र्यांच्या घरी या. आजोबा पण तिकडं येतायत.' का हो बाबा, काय झालं?"

चांगदेवानं तेव्हा तिला सगळं सांगितलं. सुनेला सांगावं अशी ती गोष्ट नव्हती, पण स्कूटर तिच्याकडे होती.

कल्पितानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डिलीट करू?"

"दीडशे लोकांच्या डोळ्यांतून कसं करशील?"

"मग जाऊन सांगून टाका. मी येते."

चार वाजता ते निघाले. मागच्या सीटवर चांगदेव वाक्यं जुळवत होता. बाळाजीदादा, एक चूक झाली. नको, चूक फार लहान वाटते. बाळाजीदादा, मी तुमचा गुन्हेगार आहे. हे नाटकातलं वाटतं. बाळाजीदादा, कसे आहात? हे त्यातल्या त्यात बरं होतं, पण पुढे नेणारं नव्हतं.

गोमाच्या पडवीत बाळाजी आधीच येऊन बसला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, डोक्यावर एकही केस नाही, हातात नातवाचा फोन. गोमाची बायको कृष्णाबाई चहाचे कप मांडत होत्या. पडवीच्या एका भिंतीला हात धुवायचं बेसिन आणि त्यावर मोठा आरसा. समोरच्या भिंतीवर काय आहे ते चांगदेवाला अंगणातूनच पाहून ठाऊक होतं. तो त्या भिंतीकडे पाठ करून बसला.

"या, चांगदेवभाऊ," कृष्णाबाई म्हणाल्या. "चौतीस वर्षांनी पाय लागले. वाट सापडली म्हणायची."

"पोट बरं हाय ना तुझं?" बाळाजीनं विचारलं. "तोंड असं का केलंस?"

"बाळाजीदादा, मला एक सांगायचंय. मधे थांबवू नका. थांबलो तर परत सुरू होणार नाही."

"बोल की. मी कुठं पळतोय."

चांगदेवानं सांगितलं. घाई, पंखा, पालथी पट्टी, कोकिळाबाईंचा पदर, उलटा फोटो. "उजवी दिसली ती डावी होती, दादा. समुद्राकडची. तुमची. ढाल तुमची होती. माझ्यामुळे तुम्ही हरलात, माझ्यामुळे बैल विकलेत. वहिनी, गोमादादांचं नाव खाली यावं असं मला वाटत नाही, पण खरं ते हे आहे."

कृष्णाबाईंनी बाळाजीकडे पाहिलं. बाळाजीनं कृष्णाबाईंकडे पाहिलं.

"चहात साखर बराबर हाय ना?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"बैल इकले ते ट्रक घ्यायला," बाळाजी म्हणाला. "सौदा शर्यतीच्या आधीच झालता. म्हटलं, ट्रकला वैरण लागत न्हाय. डिझेल लागतं ते मागाहून कळलं." त्यानं फोन पुढे केला. "हे बघ. सुनेनं टाकलाय तो. आता सरळ हाय ना हा?"

"सरळ आहे."

"बघ तरी."

चांगदेवानं चौतीस वर्षांत पहिल्यांदा ते चित्र पाहिलं. पूर्ण. त्या दिवशी त्यानं छापताना नुसती बैलांची तोंडं ठेवून वरचा भाग कापला होता. आता वर दोन्ही गाडीवान दिसत होते, पाण्याच्या फवाऱ्यात वाकलेले.

"फीत कुणाच्या छातीला हाय?"

"डावीकडच्या."

"आन डाव्या गाडीवर उभा कोण हाय?"

चांगदेवानं फोन जवळ घेतला, मग लांब धरला. मिशी, कमरेला पंचा, उघडं तोंड. त्यानं आणखी एकदा पाहिलं.

"गोमादादा," तो म्हणाला.

"मग?"

"पण तुम्ही समुद्राकडून होतात. चिठ्ठी निघाली होती."

"सुटताना व्हतो. अर्ध्यात लाट आली ही एवढी. माझे बैल बुजले, गेले सुरूंकडं. गोमानं तवाच आपली गाडी पाण्यातनं काढली नि पुढं गेला. बाजू पालटल्या. सगळ्या पुळणीनं बघितलं, तू सोडून. तू पडला व्हतास वाळूत डोला मिटून."

"एकच डोळा," चांगदेव म्हणाला. "दुसऱ्यानं भिंगातून बघत होतो."

"व्हय, तोच सांगतो."

"पण मग पंचांनी डावं-उजवं कसं ठरवलं?"

"डावं-उजवं कोण बघतंय रे," बाळाजी म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला खरोखर नवल वाटलेलं दिसलं. "आमी बैल बघितला. फीत मास्तरच्या छातीला व्हती. मास्तर गोमाचा. संपलं."

कृष्णाबाईंनी समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. गोमाच्या जोडीतल्या एका बैलाचं नाव मास्तर, कारण तो काही विचारलं की मान हलवायचा. त्याचा डावा कान लहानपणी कुत्र्यानं फाडलेला. मास्तरला दहा गावं ओळखत होती. चांगदेवाचा बाप मिठागरावर कामाला, त्याच्या घरी बैल कधीच नव्हता. बैलवाल्यांना जसे सगळे कॅमेरे सारखे, तसे त्याला सगळे पांढरे बैल सारखे.

"म्हणजे फोटो उलटा होता हे…"

"पंचांनी परातीतच वळखलं," बाळाजी म्हणाला. "मास्तरचा कान डावा फाटका, तुझ्या फोटोत उजवा. म्हटलं, पालथा छापलाय गड्यानं. पण बैल तर तोच ना? पालथा झाला म्हणून काय तो माझा झाला?"

"मग मला कुणी बोललं का नाही?"

"तू परात घेऊन असा थरथरत उभा व्हतास, तुला काय बोलायचं? नि मागाहून इषय काढला की तू पळायचास. आमाला वाटलं, फोटो चुकला म्हणून लाज वाटते माणसाला. मग आमी तुझ्यापुढं इषयच बंद केला. आक्षीत पण सांगून ठेवलं. चांगदेव आला की शर्यत काढू नका."

चांगदेवानं चहा एका दमात संपवला. चहा गरम होता, ते त्याला नंतर कळलं. चौतीस वर्षं तो सगळ्या गावापासून जे लपवत होता, ते सगळं गाव त्याच्यापासून लपवत होतं. छातीवरनं कुणी मिठाची गोण उचलून खाली ठेवावी तसा त्याचा श्वास मोकळा झाला.

"आणि ती लग्नं?" त्यानं विचारलं. "मी फुकट काढायचो ते?"

"ती काय भानगड व्हती ते आज कळलं," बाळाजी म्हणाला. "आमाला वाटायचं, फुकट काढतोय म्हणजे हात बसवून घेत असंल. म्हणून तिन्ही लग्नांत अलिबागचा दुसरा फोटोवाला पण सांगितला व्हता. तुला वाईट वाटू नये म्हणून तो जेवणघराकडून काढायचा."

कल्पितानं इतका वेळ तोंडाला रुमाल लावला होता. आता तिनं तो डोळ्यांना लावला.

"मग आज मला बोलावलंत कशाला?" चांगदेवानं विचारलं.

बाळाजीनं फोन परत घेतला आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. उजव्या गाडीवर चव्वेचाळीस वर्षांचा बाळाजी उभा होता, कासरे ताणून धरलेले, आणि डोक्यावरचे केस वाऱ्यानं पार मागे उडालेले. दाट, काळे, कानापर्यंत.

"माझ्या बैलांसंगती माझा एक पण फोटो न्हाय," तो म्हणाला. "नि नातवंडं म्हणतात, आजोबा, तुमाला केस कधी व्हतेच का? मला ह्याची मोठी प्रत पायजे. भिंतीएवढी. हरलो तर हरलो, केस बघ."

"देतो," चांगदेव म्हणाला. "उद्याच देतो."

"आन मला पण," कृष्णाबाई म्हणाल्या. त्या फोनवर वाकल्या होत्या. गोमाच्या चेहऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि चित्र घसरून बैलावर गेलं. बाळाजीनं ते पुन्हा वर आणून दिलं. "तोंड बघा कसं उघडलंय. मला म्हणायचे, मी शर्यतीत आवाज काढत न्हाय."

मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चांगदेवभाऊ, इकडं या." त्यांनी त्याला समोरच्या भिंतीकडे नेलं नाही, बेसिनसमोर उभं केलं. "आरशात बघा."

आरशात त्याच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवरचा जुना फोटो दिसत होता. बैलांची तोंडं, ताणलेली फीत. मास्तरचा डावा कान फाटका. जसा असायला हवा तसा.

"ह्यांनी मुद्दाम इथं लावला," कृष्णाबाई म्हणाल्या. "बेसिन बांधलं तवा गवंड्याला सांगितलं, आरसा बराबर फोटोसमोर. म्हणायचे, सकाळी तोंड धुताना मास्तर सरळ दिसला पायजे. पावण्यांना पण आधी आरशातच दाखवायचे."

चांगदेव बराच वेळ तिथे उभा राहिला. आपण छापलेला हा एकच फोटो असा असेल, की जो बघायला लोकांना पाठ फिरवावी लागते.

"वहिनी, आता नवीन सरळ देतो," तो म्हणाला. "मोठा. गोमादादांसकट."

कृष्णाबाईंनी विचार केला. भिंतीकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं.

"सरळ दिला तर आरशात उलटा दिसंल."

"आरसा काढून टाका."

"आरसा ह्यांनी बसवलेला हाय. तो न्हाय निघायचा." त्यांनी निकाल दिला. "नवीन पण उलटाच छापा. तुमाला जमतं ते."

परतताना चांगदेव मागच्या सीटवर गुणगुणत होता. कुठलं गाणं ते कल्पिताला कळलं नाही, कारण त्यात सूर कमी होते, पण तिनं विचारलंही नाही. घरी आल्या आल्या तो स्कॅनरच्या टेबलाशी बसला.

"बाळाजीदादाचा सरळ छापायचा," तो म्हणाला. "कृष्णाबाईंचा उलटा. उलटा करायला किती वेळ लागेल?"

"एका बटणाचं काम आहे, बाबा."

"एका बटणाचं?"

कल्पितानं बटण दाबलं. पडद्यावर बैलांनी बाजू बदलल्या. गोमा उजवीकडे गेला, बाळाजीचे केस उलट दिशेला उडाले. तिनं पुन्हा दाबलं, सगळे जागेवर आले.

"मला दे," चांगदेव म्हणाला.

त्यानं स्वतः दाबून पाहिलं. मास्तरचा कान डावा. उजवा. डावा. उजवा. मग त्यानं कोकिळाबाईंना आणायला सांगितलं आणि त्यांचाही पदर दोन-चारदा इकडून तिकडे करून पाहिला.

"बाबा, बास. बिघडेल."

"नाही बिघडत," चांगदेव म्हणाला आणि पुन्हा दाबलं.